एनसीसीच्या भरतीआधी: दाखला, बूट आणि डावा पाय

गोव्यातल्या शाळांत एनसीसीच्या (नॅशनल कॅडेट कोअर) भरतीला मुलं दोन-चार दिवस आधी धावायला लागतात आणि तेवढीच तयारी समजतात. प्रत्यक्षात धावण्यात बाद होणारी मुलं थोडी. बाकीची अडकतात ती ज्या गोष्टी चार दिवसांत होतच नाहीत त्यांत: दाखल्यातलं नाव, पायाला न बसलेले बूट, आणि पुढे जाऊन हजेरी. म्हणून ही तयारी, ज्याला वेळ जास्त लागतो ते आधी, या क्रमाने.

त्याआधी शाळेत विचारून घ्या की शाळेला एनसीसीचं ट्रूप, म्हणजे कॅडेटांची तुकडी, आहे का आणि ते कुठल्या विंगचं. ट्रूप आर्मीचं असेल तर मूल आर्मी विंगमध्ये जातं, नेव्हीचं असेल तर नेव्हीत. आवडीने निवडायची सोय सहसा नसते. शाळेत हे काम पाहणारे शिक्षक म्हणजे एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर). जागा किती आहेत आणि चाचणी कधी हे त्यांनाच ठाऊक, वर्गशिक्षकांना नव्हे. गोव्यातल्या युनिट कर्नाटक-गोवा निदेशालयाखाली येतात, त्यामुळे मराठी शाळेतल्या मित्राचा सावंतवाडीचा भाऊ जे सांगेल ते इथे तसंच असेल असं धरू नका. सावंतवाडी महाराष्ट्र निदेशालयात आहे. आणि आजीला एवढं सांगून ठेवा की एनसीसीत नाव घातलं म्हणजे पोर सैन्यात गेलं असं होत नाही, तसं कुठलंही बंधन त्यात नाही.

शाळेतल्या मुलांच्या ज्युनियर डिव्हिजनसाठी (मुलींची ती ज्युनियर विंग) वय किमान 12 आणि साडेअठराच्या आत लागतं, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. शाळा आठवीत घेत असेल तर आठवीतच जा. नववीत नाव घातलं की दुसरं वर्ष दहावीत येतं, आणि दहावीत रविवारची परेड आणि रविवारची शिकवणी यांत कोण जिंकतं हे सगळ्या घरांना माहीत आहे.

आता कागद. जन्मदाखला, आधार, गुणपत्रिका, रक्तगट, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो, पालकांची संमती आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला एवढं लागतं असं समजून चाला. गोव्यात अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. पोर्तुगीज काळातल्या नोंदींची सावली अजून आहे: शिरोडकरांची सुरुवात कुठे 'एक्स'ने तर कुठे 'एस'ने, कामतांना कुठे 'के' तर कुठे 'सी'. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असेल तर आज कोणी हटकणार नाही कदाचित, पण गणवेशाचा भत्ता बँक खात्यात जमा व्हायच्या वेळी किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्र छापून आल्यावर दुखतं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, वडिलांच्या नावासकट. दुरुस्ती जन्मनोंद झालेल्या कार्यालयातून सुरू होते आणि तिला आठवडे लागतात, म्हणून हे मे महिन्यातलं काम. डॉक्टरांकडे दमा, फिट किंवा चक्कर यांतलं काही लपवू नका. उन्हात उभ्या असलेल्या मुलाला काय झालं हे उस्तादांना (परेड शिकवणाऱ्या फौजी प्रशिक्षकांना) आधी माहीत असलेलं बरं.

धावण्याला सहा आठवडे द्या. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. नंतर धावणं वाढवत न थांबता दीड-दोन किलोमीटरपर्यंत. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो त्याच्या आसपास बाहेर पडलात तर ऊनही नाही आणि गाड्याही नाहीत. डांबरी रस्त्यावर पातळ तळव्याच्या कॅनव्हास बुटांनी धावू नका, नडगी दुखायला लागते आणि दोन आठवडे वाया जातात. शाळेचं मातीचं मैदान बरं. पाऊस लागला की चिऱ्याच्या पायरीवर चढ-उतार करा, पण शेवाळ खरवडून मगच. जोडीला पुश-अप आणि सिट-अप, रोज थोडे. दहा नीट झाले तर तेच तीस वाकड्यांपेक्षा उस्तादांच्या नजरेत भरतात.

बेशुद्ध पडण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण परेडला पडणारी मुलं अशक्त असतातच असं नाही. सावधानमध्ये गुडघे मागे ताठ करून कुलूप लावल्यासारखं उभं राहिलं की पोटरीचे स्नायू काम थांबवतात, रक्त पायांत साचतं, डोक्याला कमी पोचतं. गुडघा सरळ पण सैल ठेवायचा आणि बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची. बाहेरून कोणाला दिसत नाही. उपाशी जायचं नाही. पेजेने भागणार नसेल तर पाव आणि केळं, तासभर आधी.

ड्रिलमध्ये मराठी मुलांना एक खास अडचण येते. हुकूम हिंदीत असतात, आणि शाळेच्या पीटीत 'डावीकडे वळ' शिकलेलं मूल 'बाएँ मुड़' ऐकून मनात आधी भाषांतर करतं. त्यात अर्धा सेकंद जातो आणि रांगेत तोच एक उशिरा वळलेला दिसतो. घरात कोणीतरी हुकूम द्यावा आणि मुलाने वळावं, भाषांतर गळून पडेपर्यंत: सावधान, विश्राम, आराम से, दाहिने मुड़, बाएँ मुड़, पीछे मुड़, तेज चल, थम. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांत 30 अंशांचा कोन. विश्राममध्ये पायांत 12 इंच. दाहिने मुड़ उजवी टाच आणि डावा चवडा यांवर, पीछे मुड़ही उजवीकडूनच. तेज चल म्हटलं की डावा पाय आधी, पाऊल 30 इंचांचं. पाऊल मोजायला अंगणात खडूने रेघा मारा. बहुतेक मुलं उत्साहात लांब टाकतात आणि रांग फुटते. भीतीने हात आणि पाय एकाच बाजूचे पुढे येऊ लागले तर हातांचा विचार सोडून चार पावलं साधं चालायला लावा, आपोआप जुळतात. 'हाताकडे बघ' असं ओरडलात तर आणखी बिघडतं.

बूट मिळाले, किंवा विकत घ्यायची वेळ आली, तर संध्याकाळी मापून घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. खाकी जाड मोजे घालून मापा आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. पहिल्या परेडीआधी पंधरा दिवस रोज अर्धा तास घरात घालून फिरवा. जून-जुलैत गोव्यात चामड्यावर एका आठवड्यात हिरवी बुरशी धरते. त्यावर पॉलिश फासणं ही सगळ्यात मोठी चूक: ओल आत कोंडते आणि चामडं भेगाळतं. भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा, बोळे रात्री एकदा बदला. चुलीजवळ नको, तळवा सुटतो. पूर्ण वाळल्यावर पातळ पॉलिश, दहा मिनिटं थांबून ब्रश, मग ओल्या कापडाच्या टोकाने लहान लहान गोल.

बेरे (गणवेशाची गोल लोकरी टोपी) नवी आली की डोक्यावर भाकरीसारखी बसते. ती कोमट पाण्यात बुडवा, पिळा, ओलीच डोक्यावर चढवा. पट्टी भुवईच्या वर साधारण एक इंच, सगळीकडे समांतर. बॅज डाव्या डोळ्यावर. उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून तळहाताने दाबत राहा. निदान तासभर डोक्यावरच राहू द्या, मग नारळावर किंवा उपड्या भांड्यावर रात्रभर. वरची लव जुन्या ब्लेडने हलक्या हाताने काढा. लाल हॅकल (टोपीवरचा तुरा) पावसात प्लास्टिकच्या पिशवीत. पितळी बॅज ब्रासोने चमकतो, पण पितळेचा फक्त मुलामा असेल तर घासून घासून खालचा पांढरा धातू बाहेर येतो, तेव्हा आधी मागच्या बाजूला थोडं घासून बघा. मुलींनी केसांचा अंबाडा आणि जाळी. आबोलीचा वळेसर (गजरा) त्या दिवशी देवाला वाहा.

निवड झाल्यावरचा खरा हिशेब हजेरीचा. 'ए' परीक्षेला बसायला 75 टक्के परेड आणि निदान एक वार्षिक शिबिर लागतं. वर्षात 40 परेड झाल्या तर चुकवायला दहाच उरतात. त्यातल्या दोन-तीन चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी जाण्यात जातात, एखादी तापात, आणि रविवारी सकाळी गावातून बस नसल्याने किती जातात ते विचारू नका. शाळा दूर असेल तर आणण्या-नेण्याची सोय शेजारच्या कॅडेटच्या घराशी आताच ठरवा. 15 ऑगस्ट, 19 डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) आणि 26 जानेवारीला परगावी जायचे बेत नकोत.

पहिल्या फायरिंगला .22 रायफल मिळते, लक्ष्य सुमारे 25 मीटरवर. प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याच्यावर भर असतो तो, कुठला ते घरी तपासा: हातांच्या त्रिकोणातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा, जो उघडा असताना घड्याळ जागेवर राहतं तो. तो डावा निघाला तर उस्तादांना रेंजवर नव्हे, आदल्या दिवशी सांगा.

शिबिर बहुधा दहा दिवसांचं. चादर, जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, मच्छरदाणी, ताट-पेला, बादली-मग, टॉर्च, मोज्यांचे पाच जोड, सुई-दोरा-बटणं (फौजी भाषेत या बटव्याला हाऊसवाइफ म्हणतात), साधी औषधं, दोन किल्ल्यांचं कुलूप. एक किल्ली गळ्यात, दुसरी मित्राकडे. सगळ्यावर नाव मार्करने, कारण तिथे सगळे पेले सारखेच असतात. मेसमध्ये दहा दिवस हुमण (माशाची आमटी) मिळायचं नाही, म्हणून डब्यात सुकी कोलंबी देण्याचा मोह होतो. दोन दिवसांत तंबूत मुंग्या येतात. लाडू द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात.