चालू वॉशिंग सेंटर विकत घेताय? गोव्यात या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत म्हापसा-कळंगुटच्या बाजूला गाड्या धुणाऱ्यांकडे रांग असते. टॅक्सी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या, मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी. ती रांग बघून सौदा ठरवणं ही पहिली चूक. जूनमध्ये पाऊस लागला की चित्र बदलतं. मग धंदा पुन्हा उचल खातो तो चतुर्थीच्या आधी आणि दसऱ्याला, कारण पूजेला गाडी स्वच्छ हवी.

म्हणून मालकाच्या वहीवर थांबू नका, बारा महिन्यांची वीजबिलं मागा. ३ एचपीचा पंप ताशी साधारण सव्वादोन युनिट खातो. एका गाडीला तो पंधरा मिनिटं चालला तर रोजच्या ४० गाड्यांना २२ युनिट, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या वर. व्हॅक्युम आणि कॉम्प्रेसरचे वेगळे. मालक ४० गाड्या सांगतो आणि बिल दोनशे युनिटचं निघतं, तर उरलेल्या गाड्या कुठे धुतल्या ते त्यालाच विचारा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. डिचोलीजवळचं सेंटर मी नोव्हेंबरात पाहिलं. विहीर काठोकाठ होती, म्हणून पाण्याबद्दल काही विचारलंच नाही. एप्रिल उजाडला तसा विहिरीचा तळ दिसू लागला आणि टँकर मागवावे लागले. एका गाडीला शे-दीडशे लिटर पाणी लागतं. ४० गाड्यांचं गणित तुम्हीच करा. टँकरचं बिल देऊन हातात काय उरतं, तेही मांडून बघा. जमेल तर विहीर मे महिन्यात पाहा, नाहीतर शेजाऱ्यांना विचारा. ते खरं सांगतात.

समुद्र-खाडीजवळ असाल तर उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं का तेही बघा. बाटलीभर पाणी घेऊन टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं छोटं यंत्र) तपासा, आणि एक काळी गाडी धुवून उन्हात वाळू द्या. काचेवर पांढरे डाग उमटले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. सेंटर घेऊन झाल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर शेवटची धार कमी क्षारांच्या पाण्याची ठेवा आणि गाडी सावलीत पुसून घ्या.

विहिरीची किंवा बोअरवेलची नोंदही मागून बघा. गोवा भूजल नियमन कायदा २००२ सालचा आहे, आणि ती नोंद जलस्रोत खात्याकडे असते. सांडपाण्यासाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, तेल आणि गाळ वेगळा करणारी टाकी खरोखर चालते की नुसती बांधून ठेवली आहे, हे झाकण उघडून बघा. गटारात थेट पाणी सोडलं जात असेल तर पहिली तक्रार गावातूनच येईल, आणि ती योग्यच असेल.

जागा हा तर वेगळाच विषय. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा), भूरूपांतराची सनद म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, आणि पंचायत परवाना वकिलाला दाखवा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची असेल तर मालकाचा शब्द पुरेसा नाही. जागाच विकत घेत असाल तर विक्रेत्याच्या पत्नीची किंवा पतीची सहीही लागते. गोव्याचा नागरी कायदा पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतो. भाड्याची जागा असेल तर भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, नवा करार आधी, पैसे नंतर. गाड्या धुण्याचा कट्टा त्याच्या जमिनीवर आहे, तो तुम्हाला उचलून नेता येत नाही.

कराचं ओझंही अंगावर येऊ शकतं. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की जुन्या मालकाच्या थकबाकीला घेणाराही जबाबदार ठरतो. विवरणपत्रं आणि थकबाकी नसल्याचा कागद मागा.

मशीनवर फार वेळ घालवू नका. पंप बदलता येतो. प्रेशर कमी वाटलं तर आधी नोझल झिजलं आहे का आणि फिल्टर तुंबला आहे का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. कामावरच्या मुलांशी मात्र स्वतः बोला. पगार थकलेत का, तुमच्याबरोबर राहतील का, हे त्यांनाच विचारा. हात बसलेला मुलगा गेला की गिऱ्हाईकही त्याच्या मागे जातं.

सगळी रक्कम एकदम देऊ नका. वीजजोडणी, परवाने आणि संमती तुमच्या नावावर होईपर्यंत काही हिस्सा राखून ठेवा, तसं करारात लिहा, आणि पहिला महिना जुन्या मालकाला रोज सकाळी दोन तास सेंटरवर बसायला लावा.