फासा पडण्याआधी बोला: खेळात निकाल कसा द्यावा

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत होतो: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायचं आणि काय जमतं ते फाशावर ठरवायचं असा खेळ. एका मुलीच्या विझार्डने, म्हणजे जादूगार पात्राने, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला. खोलीत तीन शत्रू होते आणि भिंतीलगतच्या फळ्यांवर जुन्या पोथ्या. सगळी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, त्या पोथ्यांसाठीच तिथवर आली होती. शत्रू मेले आणि मी, गेम मास्टर (गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा), म्हणालो, "पोथ्यांनी पेट घेतलाय." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर मी टाकलाच नसता."

नियम माझ्या बाजूने होता. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (2014) तसं स्वच्छ लिहिलंय: फायरबॉलच्या 20 फूट त्रिज्येत, कोणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात. तरीही माझा निकाल चुकला होता. एवढी जादू शिकलेल्या विझार्डला आपली आग काय जाळते हे ठाऊक असणारच. ठाऊक नव्हतं ते फक्त टेबलाशी बसलेल्या मुलीला. मी प्रसंग मागे घेतला, तिने दुसरा मंत्र निवडला. त्यानंतर निकाल देण्याचा एक क्रम मी ठरवून घेतला.

आधी हेतू विचारा. खेळाडू म्हणाला "मी झुंबराला लटकतो", तर एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. पलीकडच्या सज्जात जायचंय, की झुंबर शत्रूच्या डोक्यावर पाडायचंय? फासा कोणता, धोका कुठला, हे त्यावर अवलंबून आहे. निम्मे वाद इथेच मिटतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी खोली असते.

मग नियम पाहा, पण मिनिटभरच. ज्याची पाळी नाही त्याला पुस्तक उघडायला सांगा. सर्वसाधारण नियम आणि एखाद्या मंत्राचा खास नियम यांचं जुळत नसेल, तर खास नियम चालतो. मिनिटात सापडलं नाही तर पुस्तक मिटा. अपवाद एकच: एखाद्याचं कॅरेक्टर मरणार असेल तर खेळ थांबवून नीट शोधा. दोन वर्षं जपलेलं पात्र घाईत जाऊ देऊ नका.

नियम नसेल तर आकडा ठरवा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, पात्राचा बोनस मिळवून, किती यायला हवेत ते. सोप्या कामाला 10, मध्यमला 15, अवघडला 20. एवढ्यावर बहुतेक संध्याकाळ निघते. परिस्थिती अनुकूल असेल तर अॅडव्हान्टेज द्या, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. प्रतिकूल असेल तर डिसअॅडव्हान्टेज, लहान आकडा घ्यायचा. पण याचं वजन ओळखा. लक्ष्य 15 आणि बोनस 3 असेल तर फाशावर 12 किंवा जास्त हवेत, म्हणजे यशाची शक्यता 45 टक्के. अॅडव्हान्टेजने ती जवळजवळ 70 वर जाते, डिसअॅडव्हान्टेजने 20 वर येते. "जमीन जरा ओली आहे" एवढ्या कारणावर कोणाची शक्यता निम्म्याहून खाली आणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि फसल्याने काहीच बिघडणार नसेल तर फासा टाकायलाच लावू नका. काम झालं म्हणा, पुढे चला.

आता सगळं मोठ्याने सांगा, फासा हातात असतानाच. मला सगळ्यात महत्त्वाची पायरी ही वाटते. "15 लागतील. जमलं तर तू सज्जात. नाही जमलं तर खाली पडशील, 20 फूट, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांइतकी इजा. करतोयस?" हा शेवटचा प्रश्न मनापासून विचारा, आणि खेळाडू "नको, राहू दे" म्हणाला तर त्याची पाळी वाया गेली असं धरू नका. आकडा सांगितला की थरार जातो, असं काही गेम मास्टर म्हणतात. मला तसा अनुभव नाही. नेमके 15 हवेत हे सगळ्यांना माहीत असताना घरंगळणाऱ्या फाशाकडे अख्खं टेबल श्वास रोखून बघतं. लपवायचंच असेल तर सापळा लपवा, दाराआडचा राक्षस लपवा. पात्राला डोळ्यांनी दिसतंय ते लपवू नका.

हरकत आली तर एकदा ऐका. खेळाडूने दोन वाक्यांत म्हणणं मांडावं, तुम्ही निर्णय द्यावा, उरलेलं सत्र संपल्यावर. मन खरंच दोलायमान असेल तर कौल खेळाडूच्या बाजूने द्या.

निकाल वहीत लिहा. तारीख, प्रसंग, काय ठरलं. घरी गेल्यावर पुस्तक पाहा, आणि चुकलं असेल तर पुढच्या सत्राच्या सुरुवातीला सांगा: "आजपासून हे असं." गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट आहे की नाही हे डाव सुरू होण्याआधी ठरतं, तसंच.

लिहिण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. समजा, कोणी शत्रूच्या डोळ्यांत वाळू फेकली आणि तुम्ही शत्रूला एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, आंधळं ठरवलंत. उद्या शत्रूपक्षाच्या सहा गॉब्लिन्सनी (छोट्या राक्षसांनी) मुठीत वाळू घेऊन पार्टीवर हेच केलं तर तुम्हाला चालेल का? आणि पार्टीला? नसेल चालणार तर परिणाम सौम्य करा: शत्रूच्या पुढच्या एकाच हल्ल्याला डिसअॅडव्हान्टेज. मग तो निकाल दोन्ही बाजूंना सारखा लागू करा.