घरी बांधलेल्या कॅम्परचं इन्सुलेशन : मराठवाड्याच्या उन्हात या चुका टाळा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातल्या कॅम्परच्या, म्हणजे राहण्या-झोपण्यासाठी बदलून घेतलेल्या व्हॅनच्या, टपाला हात लावता येत नाही. खरी लढाई त्या टपाशीच आहे. तरी अनेक जण थंड देशांतले व्हिडिओ बघून जमिनीवर जाड थर घालतात आणि छत पातळ शीटवर भागवतात. आपल्याकडे जाडी आधी छताला, मग भिंतींना, उरलीच तर जमिनीला द्यावी. टप पांढरा असेल तर निम्मं काम सोपं होतं. मात्र रंग किंवा बांधणी बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे चकचकीत फॉइल थेट पत्र्याला चिकटवणं. फॉइल किरण परतवते, पण त्यासाठी तिच्यासमोर दोनेक सेंटिमीटरची हवेची पोकळी लागते. पत्र्याला टेकली की तेच ॲल्युमिनियम उष्णता आत पोचवतं.

दुसरी चूक बरगड्यांची, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची. मधल्या चौकटींत फोम छान बसवतात आणि लोखंडी बरगड्या उघड्या ठेवतात. लोखंड फोमच्या हजार पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं! बरगड्यांवरूनही नायट्राईल रबरची (फोमसारख्या, उष्णता अडवणाऱ्या रबराची) पट्टी फिरवा, मगच प्लायवूड ठोका.

थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो, आणि स्वयंपाक तर त्याच खोलीत होणार. शिवाय सॉल्व्हंटवाला रबरी गोंद त्याला अक्षरशः खाऊन टाकतो. ग्लासवूल ओलावा धरतं. डिसेंबरच्या पहाटे श्वासाची वाफ गार पत्र्यावर दव होऊन बसते आणि आतून गंज सुरू होतो. म्हणून पाणी न शोषणारा फोम पत्र्याला पोकळी न ठेवता चिकटवा आणि फॉइलची पोकळी त्याच्या आतल्या बाजूला सोडा. दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं मात्र बुजवू नका.

माळवदाचा, म्हणजे जुन्या घरांच्या धाब्याचा, जाड मातीचा थर दिवसभराचं ऊन पोटात घेतो. दोन इंची फोमला ते जमत नाही, तो फक्त उशीर करतो. त्यामुळे छताला पंखा आणि खालच्या बाजूला उघडता येणारी खिडकी हवीच. गॅस पेटवताना तर दोन्ही उघडे ठेवा. काचांना आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून सावली जास्त उपयोगी.

एवढं करूनही तापतंय? दुपारी आतून छतावर तळहात फिरवा. पट्टेपट्टे गरम लागले तर बरगड्या राहिल्या. सगळं छत सारखं गरम असेल तर जाडी कमी पडली. छत गार आणि हवा कोंदट असेल, तर काचा आणि पंखा बघा.