स्पॅनिशमध्ये किनाऱ्याचं वर्णन कसं करावं

आधी किनारा ठरवा, मग शब्द. स्पेनच्या वायव्य टोकावरच्या गॅलिसियासाठी 'रीआ' हवाच: समुद्राने बुडवलेलं नदीचं खोरं, आपल्या कोकणातल्या खाडीसारखं. ईशान्येकडच्या कोस्ता ब्रावा किनाऱ्यासाठी 'काला' (खडकांमधली चिमुकली पुळण) आणि 'आकांतिलादो' (समुद्रात तुटलेला कडा). प्लाया, आरेना, ओला, फारो, काबो म्हणजे पुळण, वाळू, लाट, दीपगृह, भूशिर. हे एका संध्याकाळचं काम.

गाडी अडते ती 'आहे'पाशी. वाळू बारीक आहे, समुद्र खवळलेला आहे, टोकावर दीपगृह आहे: मराठीत सगळीकडे एकच क्रियापद. स्पॅनिशमध्ये इथे तीन लागतात: सेर (रूप 'एस'), एस्तार (रूप 'एस्ता') आणि आबेर (रूप 'आय'). 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा सर्रास सांगितला जाणारा नियम किनाऱ्यावर हमखास फसवतो. गॅलिसियातल्या आ कोरुन्या शहरातलं रोमनकालीन दीपगृह शतकानुशतकं जागचं हललेलं नाही, तरी 'ला तोर्रे दे एर्कुलेस एस्ता एन आ कोरुन्या' असंच म्हणायचं. तिथे 'एस' लावलंत तर चूकच.

त्याऐवजी वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघा. कुठे आहे? एस्ता. आत्ता कोणत्या अवस्थेत आहे? तेही एस्ता: 'एल मार एस्ता पिकादो' (समुद्र खवळलाय), 'ला मारेआ एस्ता बाखा' (ओहोटी आहे). मुळात कसा आहे? एस: 'ला कोस्ता एस रोकोसा' (किनारा खडकाळ आहे). 'ला प्लाया एस त्रांकिला' म्हणजे पुळण एरवीच निवांत; 'एस्ता त्रांकिला' म्हणजे आज गर्दी नाही. तिथे काय काय आहे हे सांगायचं असेल तर 'आय': 'आय उन फारो'. 'आय'नंतर उन, ऊना ('एक') किंवा संख्या चालते; 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) ही 'तो ठरावीक' सांगणारी उपपदं नाहीत. 'आय एल फारो' ऐकलं की स्पॅनिश माणूस दचकतो.

विशेषण सहसा नामानंतर येतं आणि लिंग-वचन पाळतं. 'आग्वा' (पाणी) मात्र चकवतं: आधी पुल्लिंगी 'एल' लागतं, तरी शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'एल आग्वा एस्ता फ्रीआ', 'फ्रीओ' नव्हे. समुद्राला एरवी 'एल मार' म्हणतात, कोळी आणि खलाशी 'ला मार'. एका लेखात एकच धरा.

लाटांसाठी विशेषणांची आरास नको, हवामान वार्तापत्रातले शब्द उचला: 'मारेखादा' म्हणजे अर्धा ते सव्वा मीटर, 'फुएर्ते मारेखादा' म्हणजे अडीच मीटरपर्यंत.