ड्रायव्हरमध्ये हार्डवेअर क्लॉक कसं हाताळावं

चिपमधला युआर्ट (सिरियल पोर्ट) असो की डिस्प्ले, क्लॉक (ठरावीक वेगाने येणारे ठोके) मिळालं नाही तर तो हलत नाही. वीज वाचवण्यासाठी ही क्लॉक लागतील तशी चालू-बंद केली जातात. क्लॉक बंद असताना त्या भागाचं रजिस्टर (आदेश देण्याची आणि स्थिती वाचण्याची जागा) वाचायला गेलात, तर काही चिपवर बस (चिपमधला डेटाचा मार्ग) तिथेच अडकते आणि कन्सोलवर एक ओळही न उमटता सगळं गोठतं. लिनक्समध्ये हे काम 'कॉमन क्लॉक फ्रेमवर्क' बघतं. ते 2012 साली 3.4 आवृत्तीत आलं; इथल्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

1. नोंद तपासा. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं कर्नलला दिलेलं वर्णन) 'क्लॉक्स' आणि 'क्लॉक-नेम्स' या दोन्ही नोंदींचा क्रम जुळला पाहिजे. ड्रायव्हरमध्ये क्लॉक नावानेच मागा.

2. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणारं फंक्शन) क्लॉक मिळवा. 'डेव्हएम_सीएलके_गेट' वापरलं की परत करायची जबाबदारी कर्नलवर जाते. क्लॉक पुरवणारा ड्रायव्हर अजून उठला नसेल तर 'ईप्रोब_डिफर' ही एरर येते. ती गिळू नका, जशीच्या तशी परत द्या. कर्नल नंतर पुन्हा प्रोब करतो. एखाद्या बोर्डवर क्लॉक नसलं तरी चालत असेल, तर 'ऑप्शनल' प्रकार घ्या.

3. चालू करा, मगच रजिस्टरला हात लावा. क्लॉक दोन टप्प्यांत चालू होतं. 'प्रिपेअर' झोपू शकतं (म्हणजे वाट बघत थांबू शकतं), कारण पीएलएल (क्लॉकचा वेग तयार करणारं सर्किट) स्थिर होईपर्यंत थांबावं लागू शकतं. 'एनेबल' झोपत नाही, म्हणून ते इंटरप्ट हँडलरमध्येही (हार्डवेअरने हाक मारली की लगेच चालणारा, जिथे थांबता येत नाही असा कोड) चालतं. प्रोबमध्ये दोन्ही एकत्र करणारं 'सीएलके_प्रिपेअर_एनेबल' पुरतं, पण त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासा. पुढे प्रोब फसला तर त्याच वाटेवर क्लॉक बंदही करा.

4. वेग मागा, मग विचारा. मागितलेला वेग नेमका मिळेलच असं नाही. युआर्टला 115200 बॉड (बॉड म्हणजे सेकंदाला पाठवायचे संकेत) हवा आणि तो 16 पट सॅम्पलिंग करतो, म्हणजे 1.8432 मेगाहर्ट्झ लागतात. 24 मेगाहर्ट्झला 13 ने भागलं की चूक साधारण 0.16 टक्के, खुशाल चालेल. 16 मेगाहर्ट्झला 9 ने भागलं तर ती साडेतीन टक्क्यांवर जाते आणि कन्सोलवर कचरा दिसू लागतो. म्हणून आधी 'सीएलके_राउंड_रेट'ने अंदाज घ्या, वेग लावल्यावर 'सीएलके_गेट_रेट'ने खात्री करा आणि भाजक त्या आकड्यावरून काढा.

5. सस्पेंडमध्ये बंद, रिझ्यूममध्ये चालू. हे रनटाइम पीएमच्या (वापर नसलेलं डिव्हाइस झोपवणारी कर्नलची व्यवस्था) कॉलबॅकमध्ये टाका.

आता खरी गोम. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) चालू ठेवलेलं क्लॉक तसंच राहतं, त्यामुळे एनेबल विसरलेला ड्रायव्हरही सुरुवातीला छान चालतो. बूटच्या शेवटी कर्नल कुणीच न मागितलेली क्लॉक बंद करतो आणि डिव्हाइस मरतं. शंका आली तर कर्नलला 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' देऊन बूट करा. तेवढ्याने काम झालं, तर कुठेतरी एनेबल राहिलंय असं समजा. हा पर्याय फक्त निदानासाठी. तो कायम ठेवणारे महाभाग असतात, आणि मग बॅटरी का उतरते ते शोधत बसतात.

शेवटी डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम) 'सीएलके_समरी' उघडा. प्रत्येक क्लॉकपुढे एनेबल आणि प्रिपेअरची मोजणी असते. मॉड्यूल तीन-चारदा लोड-अनलोड करा: आकडा दरवेळी वाढत गेला तर एखादी बंद करायची ओळ राहिली आहे, आणि 'ऑलरेडी डिसेबल्ड' असा इशारा आला तर एक जास्त आहे.