कॉलर माईकला पॉवर कुठनं द्यायची आणि किती

परवा एका पोराचा फोन आला, दादा साउंड मिक्सरला कॉलर माईक लावलाय पण आवाजच येईना, फॅन्टम (मिक्सर माईकला ४८ व्होल्टची पॉवर देतो ते बटण) चालू करू काय. म्हटलं थांब, त्या बटणाला हात लावू नको, आधी सांग मधी कुठला कन्व्हर्टर घातलायस. तर साधाच, एका बाजूला एक्सएलआर (मिक्सरला लागणारी तीन पिनांची गोल पिन) आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन एमएमचं भोक, दुकानदार बोलला चालतंय की. तसल्याच कन्व्हर्टरनं माझा एक चांगला माईक गेलाय म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. आपले कॉलर माईक सगळे बहुतेक इलेक्ट्रेट कंडेन्सर, म्हणजे आतल्या पडद्याजवळ कायमचा चार्ज कंपनीतनंच भरून येतो (ही आयडिया बेल लॅब्जमधल्या सेस्लर आणि वेस्ट या दोघांची, १९६२ ची). मग पॉवर लागते कशाला, तर कॅप्सूलच्या (माईकच्या टोकाचा आवाज पकडणारा भाग) पोटात एक बारका एफईटी, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर असतो, तो सिग्नल वायरीतनं पुढं जाण्याजोगा करतो, त्याला खायला लागतं. आणि खातो किती, अर्धा मिलीअँपियरसुद्धा नाही. व्होल्ट म्हणाल तर दीड ते पाच, आणि साध्या कॅप्सूलची मर्यादा बऱ्याचदा दहाच्या आसपास. एवढंच. पण पॉवर मिळालीच नाही तर माईक मेल्यागत गप्प बसतो.

ही पॉवर येण्याचे मार्ग वेगवेगळे. कॅमेरा किंवा रेकॉर्डरच्या साडेतीन एमएमच्या जॅकमधनं येते ती प्लग-इन पॉवर, आवाज ज्या वायरीतनं जातो त्याच वायरीतनं उलटी वर येते. काही रेकॉर्डरात ती मेनूत जाऊन चालू करायला लागते आणि लोकं नेमकं तेच विसरतात. येते का नाही बघायचं असेल तर मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, एक मोकळी पिन जॅकमधी घाला, लाल वायर पिनच्या टोकाला आणि काळी मागच्या कड्याला. अडीच-तीन व्होल्ट दिसले की विषय संपला, माईक बिनधास्त लावा.

दुसरा प्रकार सेलवाला. बोयाच्या बीवाय-एमवन सारख्या माईकच्या वायरीत मधीच डबी असते, तिच्यात एलआर४४ चा बटण सेल. स्विच कॅमेऱ्यावर असला की सेल चालू, स्मार्टफोनवर असला की पॉवर फोनची. काम झाल्यावर स्विच परत मागं सारायचा नाहीतर सेल गुपचूप संपतो. एकदा एका तालमीत वस्तादांची मुलाखत घेत होतो, बोलणं एकदम क्लीन, पण गडी हसला की आवाज फाटायचा. मी आपला गेन कमी करतोय, माईक खाली सरकवतोय, फेट्याच्या शेमल्याला लावून बघतोय, काय फरक नाही. शेवटी सेल काढून मोजला तर १.२ व्होल्ट. नवा १.५ दाखवतो. सेल उतरला की हळू आवाज नीट येतो आणि मोठा आवाज आला की एफईटीला जागा पुरत नाही, म्हणून फाटतो. तवापासनं पाकिटात दोन सेल जादा असतात.

आता फॅन्टम. मिक्सर आणि ऑडिओ इंटरफेसवर जे ४८ व्होल्टचं बटण असतं ते. हा ४८ आकडा पण मजेशीर हाय, १९६६ मधी नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी माईक बनवले, तिथल्या स्टुडिओत इमर्जन्सी लाईटसाठी ४८ व्होल्ट आधीच होते, तेच घेतले. एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनेवर ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधनं सारखेच ४८ येतात, १ नंबर ग्राउंड. नीट वायरिंग असलेल्या डायनॅमिक माईकला (ज्याला पॉवर लागतच नाही) यानं काय होत नाही, कारण दोन्ही बाजूला व्होल्ट सारखेच. पण साधा कन्व्हर्टर काय करतो, २ नंबर थेट माईकच्या टोकाला जोडतो आणि ३ नंबर ग्राउंडला. आता हिशेब करा, कॅप्सूल ओढते ०.३ मिलीअँपियर, त्यानं रेझिस्टरवर पडतात जेमतेम दोन व्होल्ट, उरलेले शेहेचाळीस कुणाच्या डोक्यावर? दहाची मर्यादा असलेल्या बिचाऱ्याच्या.

माझं असंच झालं. कोल्हापुरातलाच एक कार्यक्रम, माझा कॉलर माईक चार नंबरला, पेटीवर दुसऱ्या कुणाचातरी मोठा कंडेन्सर माईक, त्याला फॅन्टम लागतंच. पेटीचा आवाज येईना म्हणून एकानं फॅन्टम दाबलं. छोट्या मिक्सरवर ते बटण सगळ्या चॅनेलला मिळून एकच असतं, हे ध्यानात ठेवा. स्पीकरमधनं एक 'फट्ट' आलं आणि चार नंबर कायमचा गप्प.

म्हणून मिक्सरलाच लावायचं असेल तर फॅन्टम खाऊन प्लग-इन पॉवर देणारा कन्व्हर्टर घ्या, रोडचा व्हीएक्सएलआर प्लस हा त्यातलाच, १२ ते ४८ व्होल्ट घेतो आणि माईकला ३ ते ५ देतो. दिसायला साध्यासारखाच असतो, म्हणून पाकिटावर वाचून घ्या, दुकानदाराच्या 'चालतंय'वर जाऊ नका. लावताना फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली, फॅन्टम बंद, सगळं जोडा, मग फॅन्टम चालू करून पाच-दहा सेकंद थांबा. काढताना उलटं, बंद करून जरा थांबा आणि मग ओढा.

वायरलेस असेल तर कमरेचा पॅकच (ट्रान्समीटर) माईकला पॉवर देतो, माईकला वेगळा सेलबिल काय लागत नाही, फक्त पिन बसली म्हणजे वायरिंग जुळलं असं नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

आणि फोनवाल्यांनो, फोनच्या जॅकला चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची घातली की माईकची लाईन ग्राउंडला चिकटते आणि फोन आपल्या स्वतःच्या माईकनं रेकॉर्ड करत बसतो, तुम्हाला वाटतं कॉलर माईक चालू हाय. रेकॉर्डिंग लावून माईकच्या जाळीवर नखानं खरवडा, मग फोनच्या बुडाला खरवडा, ऐकून बघा कुठला मोठा येतो.

त्या पोराला शेवटी म्हटलं, मिक्सर राहू दे, माईक सरळ रेकॉर्डरला लाव. दहा मिनिटांनी परत फोन, मेनूत प्लग-इन पॉवर बंद होती दादा.