क्लायंटचे रंग, आपली मांडणी: वेबसाइट डिझाइनमध्ये मेळ कसा घालावा

क्लायंट “लोगो मोठा करा” म्हणतो तेव्हा त्यामागे बहुधा एक धास्ती असते: आपलं नाव कुणाच्या नजरेत भरणार नाही. लोगोभोवतीची जागा १६ वरून ३२ पिक्सेल केली आणि शेजारचा मेनू जरा सौम्य केला, की त्याच मापाचा लोगो उठून दिसतो. म्हणून प्रत्येक मागणीला आधी विचारा, “यातून काय साधायचं आहे?” आणि उत्तर लिहून ठेवा.

पहिल्याच बैठकीत आवडत्या ३ आणि नावडत्या २ वेबसाइट मागून घ्या. “छान वाटते” एवढ्यावर थांबू नका. फोटो आवडले, अक्षरं आवडली, की पान झटकन उघडतं हे आवडलं? अंतिम होकार देणारी व्यक्तीही तेव्हाच ठरवा, आणि ती एकच असू द्या. हे राहिलं तर होमपेज मंजूर झाल्यावर एखादा भागीदार पुढे येतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता वाटणी. रंग, लोगो, फोटो आणि मजकुराचा सूर क्लायंटचा. ग्रिड (पान उभ्या-आडव्या रेषांत विभागणारी चौकट), मोकळी जागा, अक्षरांच्या मापांची चढण आणि आधी नजर कुठे जावी हा क्रम आपला. डिझायनरची शैली खरं तर इथेच दिसते. सगळी अंतरं ८ च्या पटीत ठेवा: ८, १६, २४, ३२, ४८. मजकूर १६ पिक्सेल धरून १.२५ पटीनं चढलं की २०, २५, ३१ अशी मापं मिळतात. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात, म्हणून ओळींचं अंतर अक्षरांच्या मापाच्या १.५ पटीऐवजी १.७ पटीच्या आसपास ठेवा. एवढं पक्कं असेल तर क्लायंटनं भडक केशरी निवडला तरी पानावर आपला हात ओळखू येतो.

वाचनीयता मात्र कुणाच्याच आवडीवर सोडू नये. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांच्या ‘एए’ पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर #७७७७७७ या कोडचा करडा ४.४८ वर अडकतो, #७६७६७६ पास होतो. आपल्या लाडक्या फिकट करड्यालाही हाच नियम लावा! क्लायंटचा रंग पिवळा असेल तर पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचताच येत नाहीत; तोच पिवळा बटणाच्या पार्श्वभूमीला देऊन त्यावर काळी अक्षरं ठेवा.

पूर्ण मॉकअपआधी (वेबसाइटच्या नमुना चित्राआधी) एकाच पानावर रंग, दोन फाँट, एक बटण, एक शीर्षक आणि एक फोटो मांडून दाखवा. अशा दोनच दिशा द्या. संख्या वाढवायला तिसरी, न आवडणारी टाकू नका. निवड नेमकी तिचीच झाली तर ती निभवावी लागते. मजकूर खरा वापरा. जागा भरायला टाकलेल्या खोट्या मजकुरात दोन शब्दांचं शीर्षक सुबक दिसतं, खरं सात शब्दांचं शीर्षक ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर चार ओळी खातं.

स्लायडरचा, म्हणजे एकामागून एक सरकणाऱ्या मोठ्या चित्रांचा, हट्ट नेहमीचा. ५ सेकंदांहून जास्त वेळ आपोआप सरकणाऱ्या चित्रांना थांबवण्याची सोय द्यावी लागते, शिवाय जड फोटोंमुळे पान रेंगाळतं. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. पहिला फोटो स्थिर आणि बाकीचे खाली गॅलरीत, असा पर्याय बनवा. दोन्ही रूपं फोनवर घेऊन चार-पाच अनोळखी लोकांना संपर्क क्रमांक शोधायला सांगा, प्रत्येकाला एकच रूप द्या. कधी कधी क्लायंटचंच रूप सरस ठरतं. तेव्हा ते मनापासून स्वीकारा.

रंग, फाँट आणि कडांची गोलाई सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये एकाच जागी नाव देऊन लिहा. मग “निळा थोडा गडद करा” हे एका ओळीचं काम होतं, त्यावरून वाद घालायची वेळच येत नाही.

दुरुस्तीच्या २ फेऱ्या करारात लिहा आणि प्रत्येक फेरीच्या सूचना एकाच यादीत मागा. फोनवर एकेक सूचना घेत गेलं की गोधडी होते: प्रत्येक बदल निरुपद्रवी, पण दहाव्या बदलापर्यंत चार फाँट आणि तीन आकारांची बटणं जमतात. यादी एकत्र असली की परस्परविरोधी मागण्या क्लायंटलाच दिसतात.

तरीही आग्रह राहिला तर परिणाम एकदा आकड्यासह लेखी कळवा आणि मग ते काम नीट करा, मुद्दाम ओबडधोबड नको. ग्राहकाला फसवणाऱ्या गोष्टींना, जसं की आधीच टिक केलेली सशुल्क सेवा, सरळ नकार द्या. बाजूला पडलेलं आपलं रूप पोर्टफोलिओत ठेवायचं असेल तर क्लायंटची परवानगी घ्या आणि त्यावर ‘प्रस्ताव’ असं स्पष्ट लिहा.